बांधकाम ठेकेदारीला भांडवल किती लागते?

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

दिवाळी आटोपली की नागपुरात बांधकामाचा हंगाम तापतो. सिव्हिलचा डिप्लोमा झालेली, दोन-तीन वर्षे कुणाकडे साइट सुपरवायझर म्हणून राबलेली मुले याच सुमारास स्वतःची ठेकेदारी सुरू करायला निघतात. घरून किंवा पतसंस्थेतून उचललेले चार-पाच लाख हाताशी असतात. पहिला सल्ला मिळतो मिक्सर घेण्याचा, दुसरा सेंट्रिंगच्या, म्हणजे ओला स्लॅब तोलून धरणाऱ्या साच्याच्या, प्लेटा घेण्याचा. पहिल्या वर्षासाठी दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. ते का, हे आकड्यांत मांडावे म्हणून हे पत्र. यातले भाव नागपूर आणि लगतच्या भागातले, ढोबळ आहेत. महिन्या-दोन महिन्यांत ते हलतात. परिमाणे सहसा हलत नाहीत, म्हणून भर परिमाणांवर दिला आहे.

सुरुवात सेंट्रिंगपासून करू, कारण नव्या ठेकेदाराचा सर्वात मोठा पैसा तिथेच गाडला जातो. हजार चौरस फुटांच्या स्लॅबला तीन बाय दोन फुटांच्या दीडशे ते पावणेदोनशे प्लेटा लागतात. टेकू तीन-तीन फुटांवर धरले तर स्लॅबखाली एकशे दहा-वीस आणि बीमखालचे मिळून दीडशेच्या वर जातात. त्यात स्पॅन (प्लेटांखालचे आडवे लोखंडी आधार), बीमच्या बाजूंच्या फळ्या, प्लायवूड, क्लॅम्प, बल्ल्या आणि पाट्या आल्या. नवा माल घेतला तर हा सगळा सेट पाच लाखांच्या आसपास बसतो. इतवारी-लकडगंजच्या बाजारात जुना माल अर्ध्या-पाऊण किमतीत मिळतो, पण वाकलेल्या प्लेटेची कड जुळत नाही. त्या फटीतून सिमेंटचे पाणी गळते आणि खालून स्लॅब जाळीदार दिसतो. मग घरमालक बोट दाखवणार आणि प्लास्टरचा जादा थर ठेकेदाराच्या खिशातून जाणार.

आता हा सेट वर्षातून किती वेळा फिरतो ते पाहा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे स्लॅबचा गाळा (दोन आधारांमधले अंतर) साडेचार मीटरपर्यंत असेल तर खालचे टेकू किमान ७ दिवस ठेवावे लागतात, त्याहून मोठा असेल तर १४ दिवस. बीमखाली सहा मीटरपर्यंत १४ आणि त्यापुढे २१ दिवस. हे आकडे साध्या ओपीसी सिमेंटचे आहेत. बाजारात मिळते ते बहुतेक राखमिश्रित पीपीसी, त्याला ताकद यायला वेळ लागतो, म्हणून शहाणा मिस्त्री अजून थांबतो. त्याआधी सेंट्रिंग लावायला आठवडा आणि सळाख बांधायला तीन-चार दिवस गेलेले असतात. नंतर खोलून, खिळे काढून, तेल लावून माल दुसरीकडे न्यायला आणखी दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे एका स्लॅबला एक महिना. पावसाळा आणि सणवार वजा केले तर वर्षाला सहा-सात स्लॅब, तेही कामे रांगेने मिळाली तरच. हाच सेट भाड्याने घेतला आणि भाडे चौरस फुटाला पंचवीस-तीस रुपये धरले, तर हजार फुटांच्या स्लॅबला पंचवीस-तीस हजार होतात. पाच लाख फिटायला सतरा ते वीस स्लॅब, म्हणजे अडीच-तीन वर्षे. तोवर प्लेटा हरवतात, चोरीला जातात, ठेवायला जागा लागते ती वेगळी. ज्याच्याकडे ओळीने तीन-चार घरे नाहीत त्याने सेंट्रिंगवाल्याकडून मजुरीसह चौरस फुटाच्या भावाने काम करून घ्यावे. टेकू मात्र स्वतः उभे राहून मोजावेत. भरावाच्या मातीवर टेकू उभे केले आणि खाली फळी टाकली नाही, तर एका पावसात टेकू बसतो आणि त्याच्यासोबत ओला स्लॅबही.

मिक्सरचे गणितही असेच आहे. हजार फुटांचा, पाच इंची स्लॅब म्हणजे पावणेबारा घनमीटर काँक्रीट. बीम धरून सोळा घनमीटर. एम-२० ताकदीच्या काँक्रीटला घनमीटरमागे आठ पोती धरली तर एका दिवसात सुमारे १३० पोती. दहा-सातच्या हॉपर मिक्सरमध्ये एका वेळी एक पोते जाते. एका घाण्याला तीन मिनिटे धरली तरी साडेसहा तास मिक्सर थांबता कामा नये. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ ओलांडतो, म्हणून पहाटे पाचला सुरुवात करून बाराच्या आत आटोपले तर ठीक. दुपारी टाकलेला स्लॅब वरून भराभर सुकतो, तडे जातात आणि पुढे दहा-चौदा दिवस ओली गोणपाटे अंथरूनही ते भरत नाहीत. अशा दिवशी स्वतःचा मिक्सर बंद पडला तर दुसरा आणणार कुठून? भाड्याचा असेल तर मालकाला फोन केला की बदली मिळते. हॉपर मिक्सर नवा घेतला तर दीड-दोन लाख जातात आणि महिन्यातून जेमतेम दोन-तीन दिवस चालतो. कारखान्यातून तयार येणारे काँक्रीट, म्हणजे रेडीमिक्स, परवडत असेल तर तोही पर्याय आहे. महाल-इतवारीच्या बोळात मात्र सहा-सात घनमीटरची गाडी वळत नाही, हे भाव देण्याआधी गल्लीत उभे राहून पाहून घ्यावे.

मग विकत काय घ्यायचे? जे रोज लागते आणि भाड्याने आणले तर कामचलाऊ मिळते ते. ओले काँक्रीट हलवून घट्ट बसवणारे नीडल व्हायब्रेटर दोन, कारण एक स्लॅबच्या मध्येच बंद पडतो; एक ४० मिमीचा, दाट सळाखेच्या कॉलमसाठी, आणि एक ६० मिमीचा. दोन्ही मिळून पंचवीस-तीस हजार. ऑटो लेव्हल, म्हणजे पातळी पाहायची दुर्बीण, मोजपट्टीसह (स्टाफ) वीस-पंचवीस हजार. नळीच्या पाण्याने लेव्हल काढून छोटे घर होते, पण दोन घरांच्या मध्ये उतार काढताना गल्लत होते. सळाख कापायचे आणि वाकवायचे सामान दहा हजार. पंप, पाइप आणि पाण्याचे ड्रम पंधरा हजार. घमेली, फावडी, शिड्या, ढकलगाड्या वीस हजार. टीनाची झोपडी, तात्पुरते वीज मीटर आणि चौकीदाराची सोय चाळीस-पन्नास हजार. शेजाऱ्याच्या घरगुती मीटरवरून तार ओढून मशीन चालवू नये. महावितरणच्या भाषेत तो अनधिकृत वापर ठरतो आणि दंडाचे बिल शेजाऱ्याच्या नावावर येते.

ताकद तपासायच्या काँक्रीटच्या क्यूबचे साचे लोक विसरतात. आयएस ४५६ नुसार १६ ते ३० घनमीटर काँक्रीटला तीन नमुने घ्यावे लागतात आणि एका नमुन्यात तीन क्यूब. म्हणजे वर हिशोब केलेल्या सोळा घनमीटरच्या एका स्लॅबला नऊ साचे हवेत, सहा नव्हेत. नऊ साच्यांना आठेक हजार लागतात. उद्या कुणी स्लॅबच्या ताकदीवर शंका घेतली तर व्हीएनआयटीसारख्या संस्थेतला २८ दिवसांचा अहवाल हीच ठेकेदाराची ढाल. हेल्मेट, बेल्ट, बूट, जाळी यांचे पंचवीस हजार धरले तर हा सगळा खर्च पावणेदोन लाखांच्या घरात जातो. यंत्रसामग्री इथे संपली. पाच लाखांतले सव्वातीन लाख उरले आणि खरी गरज आता सुरू होते.

नागपुरात एक साधे घर घेऊ: तळमजला आणि पहिला मजला मिळून १,५०० चौरस फूट, मालासह १,८०० रुपये दराने २७ लाखांचे काम. हप्ते असे ठरले समजा: करारावर १० टक्के, प्लिंथला (जोत्याला) १५, तळमजल्याच्या स्लॅबला २०, वरच्या स्लॅबला २०, विटाकामाला १५, प्लास्टरला १०, फिनिशिंगला ७ आणि शेवटचे ३ टक्के सहा महिन्यांनी. कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात प्लिंथ होईपर्यंत साडेपाच लाख खर्च होतात आणि हातात आलेले असतात २ लाख ७० हजार. प्लिंथचा हप्ता ४ लाख ५ हजारांचा, पण घरमालकाचे गृहकर्ज असते. बँकेचा अभियंता पाहणीला येणार, अहवाल देणार, मग रक्कम सुटणार. पंधरा दिवस सहज जातात. त्या पंधरा दिवसांत कॉलम उभे राहिलेले असतात, स्लॅबची सळाख येऊन पडलेली असते आणि आणखी अडीच लाख गेलेले असतात. म्हणजे एका घरावर ठेकेदाराचे स्वतःचे सव्वापाच लाख अडकले. पुढच्या स्लॅबला पुन्हा तेच चक्र. दुसरे घर त्याच वेळी घेतले तर आठ-दहा लाख लागतात. इथेच नवा मुलगा पहिल्या घराच्या पैशातून दुसऱ्याची सळाख आणतो. नफा-तोटा कुठे झाला हे त्यालाच कळेनासे होते आणि दोन्ही घरे अर्धवट राहतात.

उपाय हप्त्यांच्या मांडणीत आहे. मोठे हप्ते मागण्यापेक्षा छोटे नऊ-दहा मागावेत आणि हप्ता काम संपल्यावर ठेवण्याऐवजी सुरू होताना ठेवावा. "स्लॅब झाल्यावर २० टक्के" याच्या जागी "सेंट्रिंग लागल्यावर १०, सळाख बांधून झाल्यावर ५, स्लॅब पडल्यावर ५" असे लिहिले की अडकणारी रक्कम निम्म्याने घटते. करारासाठी स्टॅम्पपेपर ऑक्टोबर २०२४ पासून किमान ५०० रुपयांचा लागतो. त्या पाचशेत कंजूषी करून कोऱ्या कागदावर सह्या घेणारे अजूनही आहेत.

करारात जमिनीखालच्या कामाची ओळ वेगळी हवी. शहराच्या दक्षिणेला बेसा-बेलतरोडीकडच्या कितीतरी ले-आउटमध्ये वर काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि खाली मुरूम किती फुटांवर लागेल हे खोदल्याशिवाय कळत नाही. चौरस फुटाच्या एकाच दरात पाया धरला आणि बारा खड्डे पाच फुटांऐवजी आठ फूट गेले, तर पाच बाय पाचच्या खड्ड्याला ७५ घनफूट जादा, बाराला ९००, म्हणजे नऊ ब्रास खोदाई आणि जवळपास तेवढाच मुरूम भरावाला. कॉलमची लांबी वाढली, म्हणजे सळाख आणि काँक्रीटही वाढले. खोदलेली काळी मातीच परत प्लिंथमध्ये भरून वाचवायला गेलात तर दोन पावसाळ्यांत फरशी उचलते. म्हणून करारात "प्लिंथ पातळीखाली पाच फुटांपर्यंतचे काम दरात, त्यापुढे प्रत्यक्ष मोजणीने" हे वाक्य घालावे. त्याआधी दोन कोपऱ्यांत जेसीबीने चाचणी खड्डे घ्यावेत. तास-दीड तासाचे भाडे जाते, एवढेच.

मजुरीचा पैसा उधारीवर चालत नाही. तीन मिस्त्री नऊशेने, सहा कुली-रेजा सरासरी साडेपाचशेने, म्हणजे रोजचे सहा हजार आणि सहा दिवसांच्या हप्त्याचा चुकारा ३६ हजार. चार आठवड्यांचे एक लाख ४४ हजार रोख वेगळे ठेवलेले नसतील तर काम सुरू करू नये. चुकारा एका आठवड्याने लांबला की सोमवारी मजुरांच्या ठिय्यावर आपली माणसे दुसऱ्याच्या गाडीत बसलेली दिसतात. बाहेरून आलेली टोळी असेल तर उचल द्यावी लागते. माणशी तीन-चार हजार धरले तरी पंधरा जणांचे पन्नास हजार आधीच जातात आणि सगळेच वसूल होत नाहीत. छत्तीसगड, बालाघाट, गोंदिया-भंडाऱ्याकडची माणसे जुलैत धानाच्या रोवणीला आणि दिवाळीच्या आसपास कापणीला गावी जातात, होळीला तर जातातच. या तीन वेळा स्लॅबची तारीख ठरवणाऱ्याने हंगाम ओळखलेला नाही.

मालाच्या खरेदीत गळती कुठे होते तेही सांगायला हवे, कारण ती भांडवलातूनच जाते. १,५०० फुटांच्या घराला अंदाजे ६०० पोती सिमेंट, सहा टन सळाख आणि २७ ब्रास रेती लागते. सळाखेचे वजन तपासायला साधे सूत्र आहे: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरमागे किलो. १२ मिमीचा १२ मीटरचा बार १०.६७ किलो भरायला हवा. मानकात थोडी सूट असते, पण प्रत्येक खेप जर तीन टक्क्यांनी हलकी निघाली तर सहा टनांत १८० किलो गेले, म्हणजे दहा हजारांच्या वर. गाडी रिकामी आणि भरलेली, दोन्ही वेळा वेगळ्या काट्यावर तोलावी. रेतीत फसगत वेगळी. ओलसर रेती फुगते. थोड्याशा ओलीने तिचे आकारमान वीस-तीस टक्क्यांनी वाढते. गाडीचा हौदा फुटांत मोजून शंभराने भागला की ब्रास निघतात खरे, पण ती ब्रास ओल्या रेतीची असेल तर पाचातला एक भाग हवाच विकत घेतलेली असते. त्यात मिश्रण आकारमानाने करत असाल तर रेती कमी पडून काँक्रीटही बिघडते.

पावसाळ्यात १० जून ते ३० सप्टेंबर रेतीचा उपसा बंद असतो. कन्हान-वैनगंगेची रेती मेअखेर साठवायची म्हटले तर घनफुटाला पन्नास-साठ रुपयांनी २७ ब्रासचे दीड लाखाच्या घरात जातात, तेही एकरकमी. साठवली नाही तर ऑगस्टमध्ये भाव वाटेल तो. गाडीसोबतचा वाहतूक परवाना, ज्याला सगळे टीपी म्हणतात, त्याची प्रत साइटवर ठेवावी. तहसीलचे पथक आले की ढिगाऱ्याचा हिशोब ठेकेदारालाच द्यावा लागतो. विटांच्या बाबतीत नागपूर नशीबवान आहे. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांची राख जवळ असल्याने राखेच्या विटा सहज मिळतात. साच्यातून आठवडाभरापूर्वीच निघालेल्या असतील तर मात्र घेऊ नयेत. या विटांना भाजणे नसते, पाणी मुरणे असते. कोवळी वीट भिंतीत आक्रसते आणि प्लास्टरवर जिन्यासारखे तडे उमटतात.

नव्या ठेकेदाराला सर्वात जास्त चटका देणारी गोष्ट म्हणजे जीएसटी. सेवेसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे आणि मालासह एक घर बांधले की ती ओलांडली जाते. बहुतेकांना हे पहिल्या घराच्या शेवटी कळते. सर्वसाधारण दर १८ टक्के. २७ लाखांवर ४ लाख ८६ हजार. करारात "जीएसटी वेगळा" असे लिहिले नसेल तर घरमालक देणार नाही आणि देणे ठेकेदाराच्या माथी येईल. सिमेंट-सळाखेच्या बिलांवर भरलेला कर वजा मिळतो, पण त्यासाठी बिले पक्की हवीत. कच्च्या बिलावर स्वस्त घेतलेले सिमेंट इथे महाग पडते. सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे जुने अंदाजपत्रक समोर ठेवून भाव देऊ नये. उलाढाल ५० लाखांच्या आत असेल तर ६ टक्क्यांची कंपोझिशन योजना घेता येते. तीत ग्राहकाकडून कर घेता येत नाही आणि खरेदीवरचा करही वजा मिळत नाही. २७ लाखांवर १ लाख ६२ हजार आपल्या दरात आधीच धरावे लागतात. तिसरा मार्ग फारसे कुणी सांगत नाही. एकाच कुटुंबाच्या स्वतंत्र घराचे निव्वळ मजुरीचे काम करमुक्त आहे आणि फक्त अशीच कामे करणाऱ्याला नोंदणीचीही गरज नाही. माल घरमालकाने आणायचा, ठेकेदाराने चौरस फुटाची मजुरी घ्यायची. दुकान किंवा फ्लॅट स्कीमला ही सूट नाही. पाच लाख हाताशी असलेल्या मुलासाठी पहिली दोन घरे याच पद्धतीची असावीत: हत्यारांचे पावणेदोन लाख, महिन्याची मजुरी दीड लाख, उचलीचे पन्नास हजार, आणि उरलेले सव्वा लाख विमा, कागदपत्रे व अडीअडचणीला.

कागदपत्रांचा खर्च लोक फुगवून सांगतात. उद्यम नोंदणी फुकट आहे, जीएसटी नोंदणी फुकट आहे. वीसपेक्षा कमी माणसे असतील तर गुमास्ता (दुकाने-आस्थापना नोंदणी) म्हणजे आता फक्त ऑनलाइन सूचना. व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० रुपये आणि हिशोबनिसाचे महिन्याला दोन-तीन हजार. माणसे वीस किंवा अधिक झाली की भविष्य निर्वाह निधी लागू होतो आणि मजुरीवर मालकाचा सुमारे १३ टक्के बोजा येतो. तो दरात धरलेला नसतो.

विम्यात मात्र वाचवायला जाऊ नये. वरून पडून मजूर दगावला, तर भरपाईचे सूत्र आहे: पगाराच्या निम्मे गुणिले वयाचा गुणांक. पगार १५ हजार आणि वय ३० धरले तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५ लाख ५९ हजार ८५०. मजूर सेंट्रिंगवाल्याचा होता, आपला नव्हता, हे म्हणून सुटका होत नाही. कामगार भरपाईची पॉलिसी घेताना पेटी ठेकेदाराची (पोट-ठेकेदाराची) माणसेही त्यात आहेत का, हे वाचून पाहावे. सोबतच मजुरांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करून द्यावी. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला ठेकेदाराच्या सहीने चालतो आणि मंडळाचा पैसा आपल्याच कामांवरच्या एक टक्का उपकरातून जमा होत असतो.

आता सरकारी काम. तिथे पैसा बुडत नाही, ही समजूत खरी आहे. पण तो कधी येईल हे कुणी सांगत नाही. महापालिका, सुधार प्रन्यास, एनएमआरडीए (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, सगळीकडे आता महाटेंडर्स या राज्याच्या संकेतस्थळावरून निविदा भरायच्या. डिजिटल सही दोनेक हजारांत मिळते, सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी केली तर पदविकाधारकालाही काम वाटपात वाटा मिळतो. इथवर सोपे आहे. समजा नालीचे २० लाखांचे काम आहे, स्पर्धेत १० टक्के खाली भरून १८ लाखांना मिळाले. बयाणा, सुरक्षा ठेव, आणि दर फार खाली गेला तर त्याची जादा ठेव आधी भरायची. खर्च १६ लाख, दोन महिन्यांत काम पूर्ण. मग मोजमाप पुस्तिकेत नोंद, उपअभियंत्याची तपासणी, चाचणी अहवाल, आणि शेवटी "निधी नाही". सहा महिने थांबावे लागले आणि १६ लाख दरमहा दीड टक्क्याने उचललेले असतील तर व्याजच १ लाख ४४ हजार. दोन लाखांच्या नफ्यातले छप्पन हजार उरले. नऊ महिने लागले तर व्याज २ लाख १६ हजार, म्हणजे घरचे सोळा हजार घालून सरकारची नाली बांधून दिली. बिल निघते तेव्हाही आयकर १ टक्का, जीएसटी २ टक्के, उपकर १ टक्का आणि सुरक्षा ठेव कापली जाते. गौण खनिजाच्या रॉयल्टीच्या पावत्या नसतील तर तीही. यातला काही पैसा विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, पण तोवर तो आपला नसतो.

डिसेंबरच्या अधिवेशनाआधी रविभवन, नागभवन, आमदार निवासातली रंगरंगोटी आणि दुरुस्तीची कामे निघतात. तारीख डोक्यावर असल्याने ती घाईत होतात. नव्या ठेकेदाराला ती आकर्षक वाटतात. अधिवेशन संपले की घाई फक्त ठेकेदाराला उरते. थकीत बिलांसाठी २०२५ मध्ये राज्यभरचे कंत्राटदार रस्त्यावर आले होते, त्यात मुरलेले, पंचवीस-तीस वर्षे धंद्यात असलेले लोक होते. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी ४५ दिवसांत पैसे देण्याचा कायदा आहे खरा, पण कामाच्या ठेक्याला तो लागत नाही असे निकाल उच्च न्यायालयांनी दिलेले आहेत. त्याच्या भरवशावर निविदा भरू नये. कामाच्या रकमेच्या निदान साठ-सत्तर टक्के पैसा व्याजाविना सहा महिने अडकवून ठेवता येत नसेल, तर सरकारी कामाकडे तूर्त वळू नये. बँक मशीनवर कर्ज आनंदाने देते, कारण मशीन ओढून नेता येते. चालू भांडवलासाठी कॅश क्रेडिट मागितले की दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागते. म्हणून पहिल्या घरापासून पैसे खात्यातून घ्यावेत. आयकराच्या अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत रोखीच्या रकमेवर ८ टक्के नफा धरला जातो, बँकेतून आलेल्यावर ६ टक्के. म्हणजे करही कमी लागतो आणि पुढच्या कर्जाचा पुरावाही तयार होतो.

शेवटी आपल्या दैनिकाकडे एक विनंती. कळमन्याच्या बाजारातले तूर, हरभरा आणि संत्र्याचे भाव आपण रोज छापता. त्याच पानावर आठवड्यातून एकदा रेती, गिट्टी, मुरूम, सिमेंट, ८ ते १६ मिमी सळाख आणि राखेच्या विटा यांचे नागपुरातले भाव छापता आले, तर नव्या ठेकेदाराला आणि घर बांधणाऱ्यालाही दर ठरवताना दुकानदाराच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही. भाव साइटपोच आहे की दुकानावरचा, आणि रेती सुकी की ओली, एवढे मात्र त्यात लिहावे.

आपला,
बांधकाम क्षेत्रातील एक वाचक, नागपूर